कबरीपुरती जागा : महसूलमंत्र्यांना एका गावपाळकाचं खुलं पत्र

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम सलाम.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती गावमंडळीचा मी पाळक, म्हणजे तिथल्या चर्चचा धर्मगुरू. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, हिब्रू शिकलो, ग्रीक शिकलो. सातबारा वाचायला मात्र गावात आल्यावर शिकलो, आणि खरं सांगायचं तर आता तोच जास्त कामी येतो.

गेल्या आषाढात मंडळीतली एक म्हातारी वारली. मिशनच्या काळातलं दफनस्थान केव्हाच भरलंय. जुनी कबर उकरल्याशिवाय नवी होत नाही. काळी जमीन, वरून झड. पोरांनी चार फूट खणलं की कडा ढासळायच्या, तळाला पाणी साचायचं. पेटी चिंचेखाली ताडपत्रीनं झाकून ठेवलेली. शेवटी वारीहून नुकताच परतलेला शेजारचा शेतकरी स्वतःची मोटार घेऊन आला आणि पाणी उपसून दिलं. माती लोटेपर्यंत अंधार पडला. शेवटची प्रार्थना मी मोबाइलच्या उजेडात केली.

त्याआधी गायरानाच्या कडेला जागा मागून पाहिली होती. गावातले एक पुढारी म्हणाले, "आज पुरा पाळकसाहेब, पण पायंडा पडायला नको." साहेब, कुणी पायंडा पाडायला मरत नाही हो.

अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, गावात ख्रिस्ती किती? रविवारी उपासनेला साठ माणसं बसतात. कागदावर चार-पाच. असं का, ते आपणही जाणता. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, आम्ही बाहेरच राहिलो. लेकराची शिष्यवृत्ती जाईल या भीतीनं माणूस धर्माच्या रकान्यापाशी अडतो. जिवंतपणी कागदावर नसलेल्या माणसाला मेल्यावर जागा कुठून मिळणार? आणि हे लोक काही काल आलेले नाहीत. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघू लागलं.

कायदा आपल्याच खात्याचा आहे. जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २२ : सरकारी जमीन दहनभूमी-दफनभूमीसाठी राखून ठेवता येते. नवा कायदा नकोच आहे आम्हाला. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये जानेवारी २०२५ मध्ये गावात पुरायला विरोध झाला म्हणून एका पाळकाचाच देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि दफन अखेर दूरच्या करकापालला करावं लागलं. ती बातमी मी मंडळीत वाचून दाखवली नाही. घरी बायकोला दाखवली.

आमच्यातही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. मोठ्या मंडळ्यांचे विश्वस्त मिशनच्या मिळकतींवरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडताहेत, आणि खेड्यातल्या पाळकाचा पगार अर्पणाच्या थैलीवर टांगलेला. घरगुती प्रार्थनेला गेलं तरी हल्ली आधी कुणाला तरी सांगून जावं लागतं. सेमिनरीतून नवी पोरं भेटायला येतात, विचारतात, टिकायचं कसं? मी त्यांना त्या मोटारीची गोष्ट सांगतो. आणि वर हेही सांगतो की अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही.

तर मागणी एवढीच. ज्या गावांत ख्रिस्ती घरं आहेत, तिथे कलम २२ खाली निदान पाच-दहा गुंठे दफनभूमीसाठी राखण्याचा लेखी आदेश जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. घरं मोजताना जनगणनेवर विसंबू नये, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाळक यांच्यासमोर पाहणी व्हावी. सातबाऱ्यावर 'दफनभूमी' अशी स्पष्ट नोंद व्हावी, म्हणजे सरपंच बदलला तरी जागा बदलणार नाही.

आमचा अर्ज दोन वर्षांपूर्वीचा आहे, पोच माझ्या बायबलमध्ये ठेवलीय. मोजणीच्या फीसाठी महिला मंडळानं वर्गणी काढून ठेवलीय. मोजणीदार पावसाळ्याआधी आला तर बरं, नंतर त्या रानात पाय ठरत नाही.

आपला,
एक गावपाळक