गायकाचे शब्द ऐकू का येत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गॅदरिंगचे दिवस जवळ आले आहेत. दोन गिटार, बेस, ड्रम आणि घसा फोडून गाणं, अशा थाटाचे नव्या पोरांचे गॅरेज रॉक बँड यंदाही महाविद्यालयांत वाजतील. हा प्रकार आपल्याकडे कालपरवाचा नाही. 'सिमला बीट' या रॉक बँडच्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या गॅरेज संगीताचे शौकीन आजही शोधत असतात. पण कार्यक्रम संपला की "नुसता गोंगाट, शब्द एक कळला नाही" हे ठरलेलं. खापर पोरांवर फुटतं. चूक बहुतेक वेळा साउंडची असते.

दोन-अडीचशे खुर्च्यांच्या बंद सभागृहात ड्रमला माइक लागतच नाही. जवळून मोजलात तर एकटा स्नेअर, म्हणजे काड्यांनी वाजणारा छोटा ड्रम, १०० डेसिबलच्या वर जातो. तरीही ऑर्केस्ट्राची सवय असलेला साउंडवाला प्रत्येक ड्रमपुढे माइक उभा करतो. मग गिटारवाला अ‍ॅम्प वाढवतो, त्यावर गायकाला चढवायला जावं तर माइक शिट्टी मारतो, आणि शेवटी खाली येतो तो गायकच. त्यात वर गणपतीच्या मांडवातला इको! तो आधी बंद करा.

स्पीकरमधून आधी फक्त गायक सोडावा. फार तर किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, थोडा. गायकाच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे नुसती खर्जातली घुमघुम, कापावं. गिटारचा अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना आणि पहिल्या रांगेच्या कानांना. तोच खुर्चीवर तिरका करून त्याच्या कानाकडे वळवला की पोरगं आपणहून बटण खाली आणतं. १५-२० वॅटचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प पुरून उरतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात, त्यामुळे १०० वॅटचा हट्ट फुकटचा. मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, साध्या कार्डिऑइड, म्हणजे समोरूनच नीट ऐकणाऱ्या, माइकच्या बरोबर पाठीमागे हवा, कारण तिथे माइक सर्वांत बहिरा असतो. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हा बहिरेपणा जातो आणि शिट्टी सुरू होते. हे त्याला आधीच सांगावं.

विजेची गोष्ट मात्र जिवावरची. घरघर येते म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. गिटारचा अ‍ॅम्प एका फेजवर, मिक्सर दुसऱ्यावर आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा वेळी गिटारच्या तारांवर हात ठेवून ओठ माइकला लागले की झटका ठरलेला. दोन्ही एकाच बोर्डावरून, एकाच फेजवर घ्यावेत; बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असावी. गाणं सुरू होण्याआधी गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवायचं नाही. दिवे मंद करणारे रंगमंचावरचे डिमर वेगळ्या लाइनवर हवेत, नाहीतर गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांखालचे एकेरी वेटोळ्याचे चुंबक, भुणभुणतात.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला वरचा डबा, आणि कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, यांच्यामध्ये गिटारची केबल लावू नये. ती जाड स्पीकर केबलच लागते. कॅबिनेट न जोडता हेड चालवलं तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

राहता राहिली वेळ. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि रुग्णालय, शाळा-महाविद्यालयाजवळच्या शांतता क्षेत्रात दिवसाचीही मर्यादा ५० डेसिबल आहे. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहातले रॉकचे कार्यक्रम या शांतता क्षेत्रापायीच थांबले. तेव्हा बँड मैदानाऐवजी सभागृहात घ्यावा. बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांची भाषणं उरकल्यावर पावणेदहाला पोरांना रंगमंचावर ढकलायचं आणि साउंडचेकला पाच मिनिटं द्यायची, हे बंद व्हायला हवं. पाऊण तास लागतो, आणि तो प्रेक्षक आत येण्याआधी.

आपला,
एक ध्वनिसंयोजक, पुणे