लिनक्स टाका म्हणता, पण कोणतं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत विंडोज १० बंद झाल्यावर जुन्या लॅपटॉपचं काय करायचं यावर लेख आला होता. लेख चांगलाय, पण शेवटी, विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची सिस्टीम म्हणून, "नाहीतर लिनक्स टाका" एवढ्या एका ओळीत विषय उरकलाय आणि त्या ओळीच्या भरवशावर लोकं आमच्याकडं यायलेत, भाऊ लिनक्स टाकून द्या. कोणतं टाकू म्हणलं की गप्प. मी उदगीरला कॉम्प्युटर रिपेरिंगचं काम करतो, म्हणून म्हणलं लिहावं, लांबलं तर काटछाट करा.

लेख ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे त्याच्या आधीचा लॅपटॉप धडधाकट असला तरी कंपनीच्या हिशोबात बाद. लिनक्सला ही अट नाही. पण लिनक्स म्हणजे काही एकच एक वस्तू नाही, लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या प्रोग्रामरनं १९९१ ला सुरू केलेलं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आत आणि त्याच्यावर ज्यानं त्यानं आपापलं सामान चढवून पॅक केलेलं, त्याला डिस्ट्रो म्हणतात, आणि असे डिस्ट्रो शेकड्यानं आहेत. नवा माणूस इथंच गडबडतो.

इंजिनिअरिंगच्या पोरांचं तर विचारूच नका. पहिलंच लिनक्स आणि म्हणणार काली टाकून द्या, कारण हॅकिंगच्या व्हिडिओत तेच दिसतं. काली हे सिक्युरिटी टेस्टिंगवाल्यांसाठी काढलेलंय आणि लिनक्सची ओळख नसणाऱ्यानं हे घेऊ नये असं ते बनवणारेच सांगतात, पण ऐकतंय कोण. दुसरे आर्चवाले. आर्च चांगलंच आहे, पण ते रोलिंग आहे, म्हणजे अपडेट सारखे येत राहणार आणि ते वेळेवर घेत राहावे लागणार, आणि आपल्याकडं अर्ध्या घरात नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, दिवसाच्या डेटातला निम्मा अपडेटनं खाल्ला तर घरच्यांनी काय बघायचं?

माझ्या मते नव्या माणसानं दोनच गोष्टी विचाराव्यात. या डिस्ट्रोला अपडेट किती वर्षं मिळणार, आणि अडलं तर चालत जाता येईल इतक्या अंतरावर हे वापरणारा कुणी आहे का. तुमच्या गल्लीतला एखादा सर उबंटू वापरत असंल तर डोळे झाकून उबंटू घ्या, फक्त एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं सपोर्टवालं, घ्या, ते दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं आणि पाच वर्षं अपडेट मिळतात. कुणीच नसंल तर मी मिंट सांगतो. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ वरच बांधलेली आहे, २०२९ पर्यंत काळजी नाही, खाली पट्टी कोपऱ्यात मेनू त्यामुळं विंडोजवाल्याला परकं वाटत नाही, आणि रॅम चार जीबीच असंल तर त्यातलं एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवालं घ्या, ते हलकं आहे. फेडोरा पण लई सुंदर आहे पण त्याची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्याला येते आणि प्रत्येकीला सपोर्ट तेरा महिन्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला एकदा तरी मोठं अपग्रेड आलंच, ते ज्याला आवडतं त्यानं करावं. डेबियन दगडासारखं स्थिर, थोडं शिकल्यावर जा तिकडं. सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स पण डेबियनवरच आहे, भारतीय भाषांसाठी त्यांनी काम केलेलंय, पण अडल्यावर नेटवर उत्तर शोधायला गेलं की मिंट-उबंटूचं पटकन सापडतं, बॉसचं तेवढं नाही. आणि एक, डिस्ट्रोवर वाद घालण्याआधी जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, फरक त्यानं जास्त पडतो.

आता खरी गोष्ट. लिनक्स टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येतं, लॅपटॉपमधल्या एका फाइललाही धक्का लागत नाही, आणि ही सोय सोडून लोकं डायरेक्ट फॉरमॅट मारा म्हणतात. मिंटचा आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, तीन जीबीच्या आत-बाहेर असतो, तो पेनड्राइव्हवर चढवायचा, बूट करायचं आणि स्वतःचं रोजचं काम करून बघायचं. मराठी टायपिंग आधी बघा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठी इन्स्क्रिप्ट निवडा, मग शिफ्ट दाबून एन मारलं की ळ यायला पाहिजे, आणि "दुसऱ्या" लिहून बघा, शिफ्ट-जे, डी आणि मग "या". त्यातला ऱ्या नीट जुळून आला की बाकीचं पण येतं. ज्यांचा हात इंग्रजी अक्षरांवर मराठी उमटवण्याला बसलाय त्यांच्यासाठी तिथंच फोनेटिकपण आहे. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव हे मात्र बऱ्याचदा कृतीदेवमध्ये असतात, ते उघडलं की नुसत्या किड्यामुंग्या दिसतात, घाबरायचं नाही, तो फॉन्ट लिनक्समध्येही टाकता येतो आणि फाइल वाचता येते.

मग वायफाय. काही जुन्या लॅपटॉपच्या कार्डाचा ड्रायव्हर आधीपासून आत नसतो आणि तो उतरवायला नेट पाहिजे, नेटला ड्रायव्हर पाहिजे, अशी पंचाईत होते. यावर उपाय सोपाय, अँड्रॉइड मोबाईल डाटा केबलनं जोडा आणि यूएसबी टेथरिंग चालू करा, लिनक्स ते बहुतेक वेळा लगेच ओळखतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून काय लागतं ते घ्या. प्रिंटर पण तिथंच लावून एक पान काढून बघा. एचपीचे बरेचसे चालतात, पण झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर रडवतात, हे इन्स्टॉलच्या आधी कळलेलं बरं.

आणि काही जणांना मी स्वतःहून नको म्हणतो. ज्याचं पोट टॅलीवर आहे, ज्याला डिजिटल सहीचं टोकन लावून रोज सरकारी पोर्टलवर सह्या मारायच्यात, ज्याचं डीटीपीचं काम श्रीलिपीत चालतं, त्यानं कामाच्या मशीनला हात लावू नये. वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, हे चालतं, ते चालतं असं सांगणारे भेटतील, पण जीएसटीच्या शेवटच्या तारखेला ते बंद पडलं तर सांगणारा फोन उचलत नसतो. घरात दुसरा जुना डबा पडलेला असंल तर त्याच्यावर मिंट टाका, पोरांचा अभ्यास, व्हिडिओ, लिबर ऑफिसमधले अर्ज, एवढ्याला तो मजेत चालतो.

केरळात सरकारी शाळांच्या लॅब कित्येक वर्षांपासून अशाच फुकटच्या लिनक्सवर चालतात, उबंटूवरून त्यांनी स्वतःपुरतं तयार करून घेतलंय, म्हणजे सगळ्या शाळांत एकच डिस्ट्रो आणि मास्तरांना त्याचंच ट्रेनिंग. आपल्याकडं एमएससीआयटी झालेली पोरं गावोगाव आहेत, शाळेत धूळ खात पडलेले कॉम्प्युटर पण आहेत, पण कुणी एकच काहीतरी ठरवून टाकत नाही, एका शाळेत एक तर शेजारच्या गावात दुसरंच, मग बिघडल्यावर कुणाला विचारणार.

तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी हा विषय घेतला तर आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या सेतू केंद्रवाल्यांना नि सीए लोकांच्या ऑफिसात विचारून कोणतं काम लिनक्सवर होतंय आणि कोणतं अडतंय एवढी यादी छापा. ती कापून मी काउंटरवर चिकटवतो.

आपला,
एक वाचक, उदगीर (जि. लातूर)