मूल सांभाळणाऱ्या घराच्या पाठीशीही कोणी हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आई अचानक रुग्णालयात दाखल होते, राहते घर सुटते किंवा व्यसनमुक्तीचे उपचार सुरू होतात आणि मुलाकडे पाहायला नात्यातले कोणीच नसते. अशा वेळी आईवडिलांच्या संमतीने ते मूल काही दिवस वा आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. मात्र अशा कुटुंबांना मदत करणारी स्वयंसेविका म्हणून मला वारंवार जाणवले आहे, की हे घर एकटे पडले तर थकते आणि पुढच्या मुलाच्या वेळी नाइलाजाने नकार देते.

मागच्या खेपेस मी ज्या कुटुंबाच्या मदतीला होते, तिथे चार वर्षांची मुलगी आणि तिचा दहा महिन्यांचा भाऊ आले. मुलीने आईच्या उशीचा अभ्रा बरोबर आणला होता. तिसऱ्या दिवशी घरच्या बाईंनी तो स्वच्छतेच्या विचाराने धुवायच्या कपड्यांत टाकला. तो धुऊ नका, त्याला आईचा वास आहे, हे तिच्या आईने निघताना सांगितले होते. पण रात्र रात्र बाळाला घेऊन जागणाऱ्या त्या बाईंच्या ते लक्षात कसे राहावे? मी तो बाहेर काढला. त्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा नऊ वर्षांचा मुलगा गप्प गप्प राहू लागला होता. त्याला दोन संध्याकाळी मैदानावर घेऊन गेले, तेव्हा आईला आता माझ्याशी बोलायला वेळच नसतो, असे तो म्हणाला.

लंडनच्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आई रुग्णालयात असलेल्या लहान मुलांना स्वतःच्या घरी ठेवून त्यांच्या वागण्याच्या बारकाईने नोंदी केल्या. मुलांची त्यांच्याशी आधी ओळख करून दिलेली असे, त्यांच्या घरच्या वस्तू जवळ असत, आईबद्दल बोलणे होई आणि वडील भेटायला येत. ही मुले अस्वस्थ झाली, पण सावरली. याउलट, याच काळात सतरा महिन्यांचा एक मुलगा नऊ दिवस निवासी संगोपनगृहात राहिला, जिथे परिचारिका पाळीनुसार बदलत. त्याने जेवण नाकारले आणि आई न्यायला आली तेव्हा तिच्याकडेच पाठ फिरवली. मुलाला एकच ओळखीची मांडी हवी असते आणि ती रिकामी ठेवायची, तर त्या घरातली धावपळ दुसऱ्या कोणी तरी उचलायला हवी. रात्रीचे जेवण पोहोचवणे, औषधे आणणे, शाळेतून ने-आण करणे या कामांना म्हणूनच मी दुय्यम मानत नाही.

'काही लागले तर सांगा' या वाक्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही, कारण थकलेला माणूस सांगत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेतून मी आणेन, असे ठरलेले काम हवे आणि ते मूल येण्यापूर्वीच वाटून घेतलेले हवे. मदतनिसांची पार्श्वभूमी यजमान कुटुंबाइतकीच काटेकोरपणे तपासली गेली पाहिजे; तपासणीचा राग येत असेल, त्याने या कामात पडू नये. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे तर सर्वस्वी वर्ज्य असावे.

आईवडिलांविषयीही लिहायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ गरिबी हे मूल पालकांपासून दूर करण्याचे कारण ठरू शकत नाही. संमतीने दिलेल्या अशा तात्पुरत्या सांभाळात तर पालकांचे हक्क त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे मुलाचे केस कापायचे असले तरी आधी आईला विचारायचे. तिची चौकशी करणारा, रोज ठरल्या वेळी मुलांशी तिचे बोलणे करून देणारा मदतनीसही तितकाच गरजेचा आहे, कारण मूल तिच्याचकडे परतायचे असते.

मूल घरी गेले की सगळे मोकळे होतात, ही आजच्या व्यवस्थेतली मला सर्वांत खटकणारी बाब आहे. आजारातून उठलेल्या आईवर पहिल्याच दिवशी दोन मुलांचा पूर्ण भार येतो. मुलांची अशी तात्पुरती सोय करणाऱ्या संस्थांनी मदतनिसांची नेमणूक मूल परतल्यानंतर निदान महिनाभर तरी चालू ठेवावी, अशी माझी विनंती आहे. त्या मुलीच्या घरी मी अजूनही दर शनिवारी दोन तास जाते. बाळाला मी सांभाळते आणि तेवढ्या वेळात तिची आई झोपून घेते.

कळावे,
आपली,
एक स्वयंसेविका