२५० जीएसएम सांगून १२० ची ताडपत्री पाठवलीत, त्याबद्दल लेखी तक्रार

प्रति,
ग्रीव्हन्स ऑफिसर,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मे महिन्यात तुमच्या ॲपवरून मी २४ बाय १८ फुटाची ताडपत्री मागवली, किंमत २,८४९ रुपये, पैसे यूपीआयने आधीच भरलेले. पानावर ठळक लिहिलेलं की २५० जीएसएम, हेवी ड्यूटी, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, आणि वर तुमच्याच कंपनीचा खात्रीचा शिक्का. आली ती उजेडात धरली तर पलीकडचा माड दिसत होता.

नुसतं पातळ आहे म्हटलं तर तुम्ही मानणार नाही म्हणून वजन केलं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. २४ बाय १८ फूट म्हणजे साधारण ४० चौरस मीटर, गुणिले २५०, म्हणजे १० किलो भरायला पाहिजे. आमच्या वाडीत काजू बी घेतात त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर ही ४ किलो ८०० ग्रॅम भरली. म्हणजे १२० जीएसएम, सांगितलं त्याच्या निम्मीसुद्धा नाही. काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो, पॅकिंगवरच्या लेबलचा फोटो आणि तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

आमच्याकडे मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत मांगर, म्हणजे गुरांची-सामानाची शेड, झाकावा लागतो, आत गुरांचा पेंढा, शेणी, लाकडं, सगळी पावसाळ्याची बेगमी असते, आणि देवगडच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडून झड सुरू झाली की असली पातळ ताडपत्री पहिल्यांदा रिंगांपाशी फाटते आणि मग वारा ती उभी चिरत नेतो. पेंढा भिजला की कुजतो, मग जनावरांना विकतचा चारा. तुमच्या उत्तराची वाट बघत पाऊस थांबणार नव्हता म्हणून शेवटी कणकवलीच्या बाजारातून दुसरी आणली. दोनदा खर्च झाला.

तुमच्या चॅटवर आधी मशीनच बोलतं, मग माणूस येतो आणि तो विचारतो अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का. खरेदीच्या पानावर व्हिडिओ लागेल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, स्क्रीनशॉटमध्ये बघा. मग म्हणाले रिटर्न मंजूर आहे पण तुमच्या पिनकोडला पिकअप होत नाही, तुम्हीच कुरिअर करा, खर्च तुमचा. पोचवायला हाच पिनकोड चालला, तुमचा डिलिव्हरीवाला मुलगा अंगणात येऊन ओटीपी घेऊन गेला, आणि परत न्यायचं म्हटलं की आमचं गाव नकाशातून जातं, हे मला अजिबात पटलेलं नाही. त्यानंतर मी काही बोलायच्या आत तक्रार 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद केली. काय रिझॉल्व्ह झालं ते मला सांगा.

सगळ्यात जास्त राग आला तो शेवटच्या उत्तराचा, की आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याशी बोलायचं कसं? बिलावर एक त्रोटक नाव आहे, परराज्यातला कुठलातरी फ्लॅट नंबर आहे, आणि फोन लागत नाही. पैसे तुम्ही घेतले, खोक्यावर चिकटपट्टी तुमच्या नावाची, खात्रीचा शिक्का तुमचा, आणि जबाबदारीची वेळ आली की तुम्ही मधले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला दुसऱ्याने टाकलेल्या माहितीच्या जबाबदारीतून संरक्षण आहे हे खरं, पण ते अटींवर आहे, आणि ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय की मार्केटप्लेसला ते संरक्षण पाहिजे असेल तर त्या अटी पाळाव्या लागतील. त्याच नियमांत मार्केटप्लेसने विक्रेत्याचं नाव, पत्ता, कस्टमर केअर नंबर ग्राहकाला दिसेल असा ठेवायचा आहे, आणि ग्राहकाने लेखी मागितलं तर तक्रार सोडवायला लागणारी विक्रेत्याची माहितीही द्यायची आहे. ही माझी लेखी मागणी समजा. विक्रेत्याच्या मुख्य ऑफिसचा आणि सगळ्या शाखांचा पत्ता, ईमेल, चालू फोन नंबर मला पाहिजे. आणि जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, तेही त्याच नियमांत आहे, त्यात पिनकोडची किंवा व्हिडिओची अट मला तरी दिसली नाही.

अजून एक. बिल नीट बघितलं तर ४९ रुपये 'प्रोटेक्शन प्लॅन' म्हणून लावलेत. मी तो घेतलेला नाही, पैसे भरायच्या पानावर आधीच टिक होती. अशी गुपचूप टिक करून घेतलेली संमती ई-कॉमर्स नियमांना चालत नाही, आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पानाच्या मांडणीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा प्रकार नाव घेऊन बंद केलाय. 'फक्त २ शिल्लक' म्हणून खोटी घाई करणं पण त्यातच येतं, आणि तुमच्या त्या ताडपत्रीच्या पानावर आजही फक्त २ च शिल्लक आहेत. आमच्या शेजारच्या काकी मुलाच्या मोबाईलवरून मागवतात, त्यांना इंग्रजी येत नाही, त्यांच्या जुन्या बिलांत पण हे ४९ रुपये निघाले. माझे परत द्यालच, पण ती टिक सगळ्यांसाठी काढा, ह्या एका गोष्टीसाठी मी मागे हटणार नाही.

तुमच्या अटींमध्ये लिहिलंय की वाद झाला तर तुमच्या शहरातल्या कोर्टातच. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे मला आमच्या जिल्ह्याचं ठिकाण ओरोस जवळ आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते.

माझी मागणी सरळ आहे. २,८४९ आणि ४९ रुपये परत, माल तुमच्या खर्चाने न्यायचा, आणि विक्रेत्याचं ते पान दुरुस्त करायचं नाहीतर उतरवायचं, कारण पावसाच्या तोंडावर अजून कितीजण २५० समजून तीच मागवत असतील. नियमाप्रमाणे ह्या पत्राची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात पाहिजे, चॅटवर नको, ईमेलवर, मराठीत दिलात तर घरातले सगळे वाचतील. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून आयोगात जाईन, कागद तयार आहेत.

ताडपत्री वापरलेली नाही, बारकोडसकट घडी करून ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा, घरात रेंज नसते, लागला नाही तर मेसेज टाका, वरच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) गेले की बघते.

तुमची ग्राहक,
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग
(ऑर्डर नंबर आणि मोबाईल नंबर तुमच्याकडे अकाउंटवर आहेच)