बग्गीत कोण होतं?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास आणि मी चिडले होते, म्हणून सावकाश लिहितेय. शस्त्र हाती घेणाऱ्या नेत्यांना वीर म्हणून आठवावं की दहशतवादी म्हणून, यावर तुला वादविवाद स्पर्धेत बोलायचंय आणि भाषणाचं पहिलं वाक्य ठरलंय : ‘एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक.’ ते वाक्य आधी खोड. ऐकायला शहाणं वाटतं, पण त्यात विचार न करण्याची सोय आहे. ज्याचा त्याचा चष्मा असं म्हटलं की कोण मेलं, कुणी मारलं, का मारलं, काहीच बघायला नको.

खुदीराम बोसची गोष्ट मी शाळेत ऐकली. अठरा वर्षांचा मुलगा हसत फासावर गेला. सांगताना आमच्या बाईंचा गळा दाटून यायचा आणि आम्ही पोरी तर रडायचोच. त्या गोष्टीत एक बग्गी होती, तिच्यावर बॉम्ब पडायचा आणि पुढच्याच वाक्यात आम्ही फाशीच्या तख्तापाशी पोचायचो. बग्गीत कोण होतं ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही दुसरंच काही शोधताना.

३० एप्रिल १९०८, मुझफ्फरपूर, रात्रीची वेळ. खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी न्यायाधीश किंग्सफर्डची वाट पाहत होते. कलकत्त्यात असताना या किंग्सफर्डनं सुशील सेन नावाच्या कोवळ्या पोराला फटके मारण्याची शिक्षा दिली होती. त्याच्यावरचा राग समजण्यासारखा होता. क्लबकडून त्याच्यासारखीच एक बग्गी आली आणि यांनी बॉम्ब टाकला. आत होत्या प्रिंगल केनेडी या वकिलाची बायको आणि मुलगी. दोघी गेल्या. किंग्सफर्डला ओरखडाही उठला नाही. प्रफुल्लनं पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडली, खुदीरामला ११ ऑगस्टला फाशी झाली.

हे वाचल्यावर माझं खुदीरामवरचं प्रेम आटलं का? नाही. पण आमच्या बाईंचा मात्र राग आला. त्या दोघी बायका गोष्टीतून गाळल्या म्हणजे गोष्ट जास्त पवित्र होते, असं त्यांना वाटलं असावं. त्या गाळल्यामुळेच तर ती पोरकट झाली होती.

आता टिळक बघ. मुझफ्फरपूरनंतर ‘केसरी’त त्यांनी जे लिहिलं त्यावर राजद्रोहाचा खटला झाला. १२ मेच्या अग्रलेखाचं नाव काय होतं? ‘देशाचे दुर्दैव’. ९ जूनचा होता ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. आणि टिकाऊ नाहीत ते उपाय सरकारचे, दडपशाहीचे! बॉम्बची त्यांनी आरती केली नाही. तो वाईटच, पण लोकांची तोंडं बांधली की तो येतो, त्याचं मूळ सरकारी जुलमात आहे, असा त्यांचा रोख होता. त्याबद्दल सहा वर्षं मंडाले. एकाच वेळी ‘हे वाईट झालं’ आणि ‘हे कुणामुळे झालं’ ही दोन्ही वाक्यं म्हणता येतात, हे मी त्यांच्याकडून घेतलं. आजकाल एक वाक्य म्हटलं की दुसरं म्हणायची चोरी.

शब्दांबद्दल थोडं, कारण तुझा वाद निम्मा शब्दांचाच आहे. युरोपात ‘टेरर’ हा शब्द राजकारणात रुळला तो राज्यक्रांतीच्या काळात, १७९३-९४च्या फ्रान्समध्ये, आणि तो बंडखोरांसाठी नव्हता, गिलोटीन चालवणाऱ्या सरकारसाठी होता. म्हणजे दहशत बसवण्याचा मक्ता कुणा एकाकडे नाही. आपल्याकडे गांधींच्या काळात अहिंसक चळवळीला ‘अनत्याचारी’ म्हणत. ज्यानं बंदूक घेतली तो ‘अत्याचारी’ पक्षातला, मग त्याचा हेतू काही का असेना. तेव्हाच्या वाचकाला तो शब्द शिवीसारखा बोचत नसावा. आज बोचतो. २०१६ मध्ये इतिहासकार बिपन चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या इतिहासात भगतसिंगांना ‘क्रांतिकारी दहशतवादी’ म्हटल्यावरून केवढं वादळ उठलं होतं. लेखकांनी तो शब्द हिणवायला वापरला नव्हता, पण लोकांना दुखलं आणि मला त्यांचं दुखणंही कळतं. मधल्या काळात त्या शब्दाचा अर्थच बदलला. आता तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे गर्दीच्या ठिकाणी ठेवलेली बॅग येते.

म्हणून मी दोन शब्द दोन कामांना लावते. दहशतवाद हे कृत्याचं नाव. ज्यांचा भांडणाशी संबंध नाही त्यांना मारून इतरांच्या मनात भीती घालणं, मग ते कुणीही करो. वीर हे माणसाबद्दलचं आपलं मत. एकाच माणसाच्या खात्यात दोन्ही जमा होऊ शकतं, म्हणून ‘हे की ते’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

तुझा आवडता मंडेला घे. १९६४ च्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून तो लपवाछपवी न करता म्हणाला की होय, मी घातपाताची योजना केली. पुढे त्यानं हिंसेच्या चार वाटा सांगितल्या : घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती. त्यातली पहिली निवडली, कारण तिच्यात माणसं मरत नाहीत आणि उद्या एकत्र राहायचं झालं तर कडवटपणा कमी उरतो. बघ, दहशतवाद हा शब्द त्याला माहीत होता आणि त्यानं तो स्वतःच बाजूला ठेवला होता. पण तो तुरुंगात असताना, २० मे १९८३ ला, त्याच्याच सशस्त्र संघटनेनं दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर गाडीत बॉम्ब ठेवला. १९ माणसं मेली, दोनशेवर जखमी झाली. लक्ष्य हवाई दलाचं कार्यालय, पण रस्त्यावर घरी निघालेले लोक होते, काळे आणि गोरे दोन्ही. पुढे त्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगानं १९९८ च्या अहवालात वंशवादी सरकारवर मुख्य ठपका ठेवला आणि मंडेलांच्याच पक्षाला, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसलाही सोडलं नाही. पक्ष अहवाल थांबवायला कोर्टात गेला आणि हरला. राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी तो स्वीकारला. मला ते मोठे वाटतात ते त्या दिवसामुळे, सत्तावीस वर्षांच्या तुरुंगाइतकेच. (अमेरिकेनं त्यांचं नाव दहशतवाद्यांवर पाळत ठेवण्याच्या यादीतून काढलं २००८ मध्ये, म्हणजे त्यांचं वय नव्वदीला टेकल्यावर. सरकारी याद्यांवर किती भरवसा ठेवायचा ते यावरून ठरव.)

पुढे इस्रायलचा पंतप्रधान झालेल्या मेनाखेम बेगिनच्या सशस्त्र संघटनेनं १९४६ मध्ये जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं, ९१ माणसं गेली, आणि १९७८ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. तू हे उदाहरण ‘बघा, सगळं सापेक्ष आहे’ म्हणून देणार, मला माहीत आहे. पण नोबेल इजिप्तशी केलेल्या समेटाला होतं. त्यानं ते ९१ पुसले जात नाहीत.

आणि एक खूण मी नेहमी बघते. बंदूक आपल्याच माणसांकडे कधी वळते? श्रीलंकेतल्या तमिळांवर अन्याय झाला, १९८३ च्या दंगली विसरण्यासारख्या नाहीत. पण तमिळ बंडखोरांच्या लिट्टे या संघटनेनं १९८९ मध्ये अमिर्तलिंगम या तमिळ नेत्यालाच बोलणी करायला म्हणून घरात शिरून मारलं, कारण त्याचा मार्ग वेगळा होता. पोरांच्या हाती बंदुका दिल्या ते वेगळंच. तिथे मला ‘पण त्यांची बाजू’ वगैरे सुचत नाही.

आता सगळ्यात अवघड, कारण ते आपल्याच भाषेतलं. २१ डिसेंबर १९०९, नाशिक. नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेनं गोळ्या घातल्या. कान्हेरे विद्यार्थी, तुझ्याहून लहान. वि. दा. सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांना त्याच वर्षी जन्मठेप झाली होती, त्याचा हा सूड. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक, मराठी बोलणारा, लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. त्याची बदली झाली होती, तो निरोपाचा प्रयोग होता. आता सांग, तो राज्ययंत्राचा माणूस होता की पाहुणा? दोन्ही. म्हणून मला तिथे ‘दहशतवादी’ म्हणवत नाही, कारण निशाणा सत्तेच्या माणसावर होता, रस्त्यावरच्या कुणावर नाही. आणि ‘वीर’ म्हणताना घशात काहीतरी अडकतं. कान्हेरेच्या आईचा विचार करते तेव्हा जास्तच. मुलगा फासावर गेला १९ एप्रिल १९१० ला. माझं मत इथे अजून पक्कं नाही आणि तुझ्या वादासाठी ते पक्कं करणारही नाही.

तू दोन्हीपैकी कुठल्याही बाजूनं बोल, चिठ्ठीत जी येईल ती. फक्त खुदीरामचं नाव घेशील तेव्हा लगेच पुढे केनेडी मायलेकींचा उल्लेख कर. एका दमात, मध्ये न थांबता. आणि टाळ्या पडल्या की नाही ते मला कळव.

तुझी,
आई