निधनवार्तेतला 'उठावणा'

संपादक महोदय,

आमच्या शेजारच्या काकू गेल्या, त्या लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. इंदूरमध्ये त्यांची मंडळी म्हणजे रविवारी हॉलमध्ये जमणारी जेमतेम वीस-पंचवीस माणसं. एका पेपरात बातमी आली ती "उठावणा" (हिंदूंमधली दहनानंतरची शोकसभा) अशा हेडिंगखाली आणि पुढे मुक्तिधामचा, म्हणजे स्मशानाचा पत्ता! चार लोक तिकडे जाऊन परत आले, फोनवर फोन, आणि इकडे कब्रस्तानात आम्ही मोजकेच. मुलगा काही बोलला नाही पण वाईट वाटलंच.

काकू मूळच्या छिंदवाड्याच्या, तिकडे १८७७ च्या सुमाराला मध्य प्रांतात आलेल्या स्वीडिश मिशनऱ्यांमुळे लूथरन चर्च रुजलं, हे मलाही त्यांच्याकडूनच कळलेलं.

नोव्हेंबरात आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, ही चाल जर्मनीकडच्या प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये घालून दिलेली. मी गेलो होतो. एकेक नाव, एकेक मेणबत्ती. पेटीची एक पट्टी अडकत होती, तरी मराठी अभंग सगळे खड्या आवाजात म्हणत होते, आणि काकूंचं नाव आलं तेव्हा मुलाच्या हातातलं मेण थेट वहीवर सांडलं, कुणी पुसलंही नाही. आपल्या पितृपक्षासारखं पिंड-पाणी नाही, गेलेल्याबद्दल देवाचे आभार मानायचे बस. नंतर चहा-पोहे (शेव होतीच, इंदूर आहे शेवटी).

तर विनंती एवढीच की छापण्याआधी घरच्यांना एक फोन करा, अंत्यविधी कुठे, दफन की दहन, विचारायला काय जातं.

– एक वाचक, इंदूर