चाकणचा चौक आधी सोडवा

परदेशी गुंतवणुकीचे करार झाले की पुणे परिसराचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. मर्सिडीज-बेंझ 1990च्या दशकात इथे आली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. जनरल मोटर्सने तळेगावातले उत्पादन थांबवल्यावर तो प्रकल्प ह्युंदाईने घेतला. म्हणजे एक जाते तेव्हा दुसरी यायला तयार असते. यामागे सवलतींपेक्षा इथले कुशल कामगार, सुट्या भागांचे शेकडो छोटे कारखाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, असे मला वाटते.

पण मी रोज भोसरीहून चाकणला कामाला जातो. चाकणमधल्या तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत आमची बस अडकते, तेव्हा पाळीची वेळ टळते आणि पगार कापला जातो. माल वेळेत बंदरावर पोहोचला नाही तर परदेशी ग्राहक कारण ऐकून घेत नाही. पावसाळ्यात तर खड्ड्यांतून दुचाकीवर येणाऱ्या पोरांचा जीव टांगणीला लागतो.

पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता यांच्या रुंदीकरणाच्या घोषणा आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. सरकारने पुढच्या कराराबरोबर या दोन रस्त्यांच्या कामाची तारीखही जाहीर करावी. अवजड वाहनांना पाळी सुटण्या-भरण्याच्या वेळी चौकात बंदी घालणे तर उद्यापासूनही शक्य आहे.

– एक कामगार, भोसरी